राजाज्ञा आणि देवाज्ञा : तंजावरचा एक नकार

तंजावरच्या भोसले राजांचा वाङ्मयीन इतिहास सांगताना आपण बहुधा त्यांनी काय लिहिले आणि काय लिहवून घेतले याची गणती करतो. शहाजी राजांची नाटके, सरस्वती महालातील पोथ्या, १८०५ च्या सुमारास सरफोजी राजांनी उभारलेला देवनागरी छापखाना आणि त्यातून बाहेर पडलेली ‘बालबोधमुक्तावली’ ही त्या गणतीतील ठरलेली स्थळे होत. राजाने मागूनही जी रचना झाली नाही तिला अशा इतिहासात जागा नसते, आणि ते स्वाभाविकही आहे. न लिहिलेल्या ग्रंथाला क्रमांक कसा द्यावा? प्रस्तुत लेख अशाच एका न झालेल्या रचनेविषयी आहे.

सरफोजी राजे (दुसरे) यांच्या दरबाराशी संबंध असलेले तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री (१७७४-१८६४) यांच्याविषयी त्यांच्या घराण्यात आणि तमिळ ख्रिस्ती समाजात एक कथा परंपरेने चालत आली आहे. शास्त्रींच्या काव्यावर प्रसन्न होऊन राजांनी त्यांना म्हटले, की आमच्या बृहदीश्वरावरही अशीच एक रचना करा. त्यासाठी मोठा मानमरातब मिळणार होता. शास्त्री व्यथित मनाने घरी आले. दुसऱ्या दिवशी दरबारात त्यांनी जे गायिले ते बृहदीश्वराचे स्तवन नव्हते. आपल्या मनाला उद्देशून, तू केवळ येशूचीच स्तुती कर, असे सांगणारे ते पद होते. राजांनी अर्थ ओळखला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

ही कथा परंपरेने राखलेली आहे, आणि परंपरा आपल्या नायकाला थोडे उजळ करूनच पुढे पाठवते, हे वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला सांगावयास नको. तथापि पद आजही गायिले जाते. ‘येसुवैये तुदि सेय्’ हे त्याचे आरंभीचे शब्द तमिळ ख्रिस्ती उपासनेत परिचित आहेत. नकाराचा प्रसंग जसाच्या तसा घडला असो वा नसो, त्या समाजाने आपल्या कवीची ओळख या नकारातून करून दिली, एवढे तरी निर्विवाद आहे.

राजांची मागणी किरकोळ नव्हती, हे मराठी वाचकाला चटकन लक्षात यावे. ज्या बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला, त्याच देवाची ही गोष्ट आहे. त्या शिलालेखासमोर मी प्रथम उभा राहिलो तेव्हा माझी दृष्टी भाषेवरच खिळली होती. कावेरीच्या काठी, चोळांनी बांधलेल्या दगडावर, बालबोध अक्षरांत आपली भाषा वाचावयास मिळते याचे अप्रूप फार वाटले. लेख कोणत्या भिंतीवर आहे याचा विचार पुष्कळ उशिरा सुचला. राजाने आपल्या कुळाची साक्ष ज्या देवाच्या अंगणात ठेवली त्या देवाचे स्तवन नाकारणे म्हणजे राजाच्या सत्तेला नव्हे, तर त्याच्या घराला नकार देणे होते.

आणि हे घर शास्त्रींना परके नव्हते. त्यांचा जन्म तिरुनेलवेलीचा. वडील वेळ्ळाळ जातीतून ख्रिस्ती झालेले. जर्मन मिशनरी क्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्‌झ यांनी मुलाची बुद्धी हेरून त्याला लहानपणीच तंजावरला आणले. याच श्वार्ट्‌झवर तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये मृत्युसमयी आपल्या दत्तक पुत्राचा, म्हणजे सरफोजींचा, भार सोपविला होता. पुढे गादीवर बसलेल्या अमरसिंहांनी दत्तकविधान अवैध ठरवून घेतले; दहा वर्षांच्या मुलाला जवळजवळ कोंडूनच ठेवण्यात आले आणि त्याच्या शिक्षणाची हेळसांड झाली. श्वार्ट्‌झ यांनी तक्रारी केल्या, पहारा मागितला, अखेर १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलविण्यात आले. १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत श्वार्ट्‌झ वारले होते. वेदनायगम आणि सरफोजी हे एकाच गुरूचे विद्यार्थी, असे परंपरा मानते. वयात तीन वर्षांचे अंतर, आणि दोघांचाही पितृस्थानी असलेला पुरुष एकच. तेव्हा अन्यायी सत्तेचा अनुभव कवीपेक्षा राजालाच अधिक होता, असे म्हणावे लागते.

या दोघांच्या मनोव्यापारात किती साम्य होते याचा पुरावा वाङ्मयातच आहे. कुरवंजी हा दक्षिणेतील गेय नाट्यप्रकार. देवाच्या किंवा राजाच्या मिरवणुकीत त्याला पाहून नायिका मोहित होते, हात पाहून भविष्य सांगणारी कुरव जमातीची स्त्री येते, आपल्या देशाचे वर्णन करते आणि नायिकेला मीलनाचे आश्वासन देते, असा त्याचा साचा आहे. शास्त्रींनी १८०० साली ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. तिच्यात नायिका सियोनकन्या आणि भविष्य सांगणारी कुरत्ती म्हणजे श्रद्धा. सियोनकन्या हे रूपक इब्री संदेष्ट्यांचे. तमिळ नायिकेचा विरह तिला विलक्षण शोभून दिसला. इकडे सरफोजींच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे, आणि तिच्यातील कुरत्ती पृथ्वीचा भूगोल सांगते, खंडे आणि देश मोजून दाखविते. श्वार्ट्‌झ यांच्या शाळेतला नकाशा एका विद्यार्थ्याच्या हातून देवाच्या कथेत गेला आणि दुसऱ्याच्या हातून इंद्राणीच्या महालात. मराठी नाट्येतिहासात ‘देवेंद्र कुरवंजी’चा उल्लेख एक चमत्कारिक कृती म्हणून होतो, तिची सख्खी तमिळ बहीण मात्र आपल्याकडे अपरिचितच राहिली.

तर मग राजाला नाही म्हणण्याचे बळ शास्त्रींना मिळाले कोठून? भक्ती हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. भक्ती त्या परिसरात सर्वांजवळ होती. शास्त्रींच्या हाती त्याखेरीज एक ग्रंथ होता, आणि तो पुष्कळ पूर्वीपासून तमिळमध्ये उपलब्ध होता. तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत झीगेनबाल्ग आणि त्यांच्यानंतर शुल्ट्‌झे यांनी केलेल्या कामामुळे इब्री शास्त्र १७२८ पर्यंत तमिळमध्ये छापून झाले होते. फाब्रिसिउस यांचे पुढील भाषांतर शास्त्रींच्या पिढीला मुखोद्गत असे. मराठीत मूळ इब्रीवरून संपूर्ण बायबल आणण्याचा पंडिता रमाबाईंचा उद्योग १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रकट झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे तंजावरचा हा तमिळ कवी किती आधीच्या परंपरेत वाढला होता ते कळेल.

इब्री शास्त्रात राजा ही संस्था संशयानेच प्रवेश करते. इतर प्राचीन वाङ्मयात राज्य आकाशातून उतरते, राजा देवाचा अंश किंवा पुत्र असतो. इथे मात्र लोक शमुवेलाकडे राजा मागतात, आणि तो वृद्ध संदेष्टा त्यांना राजा काय काय करील याचा हिशेब सांगतो : तुमचे मुलगे रथांपुढे धावतील, मुली स्वयंपाकाला जातील, उत्तम शेते सेवकांना वाटली जातील, धान्याचा दशांश जाईल, आणि शेवटी तुम्हीच त्याचे दास व्हाल. अनुवाद नावाच्या ग्रंथात राजासाठी नियम आहेत. त्याने घोडे, बायका, सोने-रुपे यांचा फार संचय करू नये, आणि नियमशास्त्राची प्रत आपल्याजवळ ठेवून ती आयुष्यभर वाचावी. राजा नियमाखाली आहे ही कल्पना आज आपल्याला घटनेमुळे परिचित वाटते. त्या काळी ती धाडसाची होती.

मग कथा येतात. निर्गमाच्या आरंभी मिसरचा फारो इब्री सुइणींना आज्ञा करतो की मुलगा जन्मला तर मारून टाका. त्या मारीत नाहीत, कारण त्या देवाला भितात. आणि राजाने विचारल्यावर, इब्री बायका सुईण पोहोचण्याआधीच बाळंत होतात, असे सांगून वेळ मारून नेतात. या कथेत एक गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे. शिफ्रा आणि पुवा ही सुइणींची नावे कथाकाराने जपली. फारोचे नाव दिलेच नाही. इतिहासकार आजही तो फारो कोणता यावर वाद घालतात. दावीद उरीयाची बायको नेतो आणि उरीयाला रणात मारवितो, तेव्हा नाथान त्याच्यासमोर उभा राहून गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो, राजाला संताप आणतो आणि मग तो संताप राजाकडेच वळवितो. अहाबाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. नाबोथ वडिलोपार्जित वतन देत नाही. राणी खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथ दगडांनी मारला जातो, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यावयास जातो तो एलीया तेथे उभाच असतो. वतनाच्या प्रश्नावर मराठी मुलखात किती रक्त सांडले हे ठाऊक असलेल्या वाचकाला नाबोथाची कथा समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु या सर्व कथांत राजा उघड अपराधी आहे. तंजावरच्या प्रसंगात तसे काही नाही. सरफोजी विद्याव्यासंगी, रोग्यांसाठी धन्वंतरी महाल चालविणारे, गुरूविषयी कृतज्ञ असे राजे होते. श्वार्ट्‌झ यांच्या थडग्यावर त्यांनी स्वतः इंग्रजीत रचलेल्या पद्यपंक्ती आहेत. १८०१ मध्ये इंग्लंडला पत्र लिहून त्यांनी गुरूचे संगमरवरी स्मारक मागविले आणि ते जॉन फ्लॅक्समन या विख्यात शिल्पकाराने घडविले. शिवगंगा तळ्याजवळच्या, १७७९ मध्ये बांधलेल्या चर्चमध्ये ते आहे : शय्येवर मरणोन्मुख धर्मोपदेशक, आणि जवळ उभा राहून त्याचा हात हाती घेतलेला मराठा राजा. अशा राजाची मागणी नाकारण्यासाठी लागणारे धैर्य फारोला नाकारण्याच्या धैर्याहून निराळ्या जातीचे असते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेलाच होता. किल्ला आणि सभोवतालचा थोडा मुलूख, एक लाख होनांचे वर्षासन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राजांकडे उरले होते. त्यांच्या हाती तलवार नव्हती, सन्मान देण्याची शक्ती होती. आणि कवीला तलवारीपेक्षा सन्मान अधिक वाकवितो, हे कोणत्याही भाषेचा वाङ्मयेतिहास सांगेल.

याला जवळची इब्री कथा दानीएलाच्या ग्रंथात सापडते. त्या ग्रंथात दोन राजे आहेत आणि आपण बहुधा त्यांना एकच समजतो. नबुखद्नेस्सर सोन्याची मूर्ती उभारतो, वाद्ये वाजताच सर्वांनी दंडवत घालावे अशी आज्ञा देतो, आणि शद्रख, मेशख, अबेद्नगो या तिघांना धगधगत्या भट्टीत टाकतो. हा आपल्या ओळखीचा हिरण्यकशिपू. दारयावेशाचे तसे नाही. तो दानीएलावर प्रेम करणारा आहे. मत्सरी अधिकाऱ्यांनी त्याच्याकडून एक फर्मान सही करून घेतले आहे की तीस दिवस राजाखेरीज कोणाचीही प्रार्थना करू नये. दानीएल आपल्या माडीवर, यरुशलेमकडे उघडणाऱ्या खिडक्यांपाशी, पूर्वीप्रमाणेच दिवसातून तीनदा गुडघे टेकतो. राजा दिवसभर त्याला वाचविण्याची खटपट करतो, कायद्यापुढे हरतो, त्याला सिंहांच्या गुहेत टाकतो, आणि रात्रभर उपाशी व जागा राहून पहाटे धावत गुहेशी येतो. कथेतली झोप उडालेली आहे ती राजाची. दानीएल त्या राजाचा निष्ठावंत कारभारी होता व नंतरही राहिला. त्याने बंड केले नाही; फक्त एक गोष्ट केली नाही असे होऊ दिले नाही. शास्त्रींचा नकार याच जातीचा आहे.

तंजावरच्या मातीत या कथेला भाऊबंद होते. शहराच्या उत्तरेकडील मेलट्टूर गावी नृसिंहजयंतीच्या सुमारास भागवतमेळ्यात ‘प्रल्हादचरित्र’ होते. ते तेलुगू नाटक मेलट्टूरच्या वेंकटराम शास्त्रींनी याच मराठी राजवटीत रचले. सर्व भूमिका पुरुषच करतात, आणि नृसिंहाचा मुखवटा नुसता सोंगाचा नाही, तो पूजेचा आहे. काही कोसांवरच्या तिरुवैयारूला त्यागराज (१७६७-१८४७) यांनीही ‘प्रल्हादभक्तिविजयम्’ लिहिले. म्हणजे देवाच्या आज्ञेसाठी पित्याची आणि राजाची आज्ञा मोडणारा बालक त्या परिसरात घरोघरी माहीत होता, आणि त्याचे चरित्र पाहण्यास राजाश्रयाची आडकाठी नव्हती. सत्ताधीशाने आपल्याच अंगणात सत्तेच्या पराभवाचा खेळ दरसाल होऊ द्यावा, यात एक शहाणपण आहे. मराठी कीर्तनकारांनी तंजावरला साकी, दिंडी, ओवी, अभंग नेले आणि तेथील हरिकथेला नवे अंग दिले, हा इतिहास सुपरिचित आहे. तोच कीर्तनप्रकार १८८० पासून मुंबईच्या बेने इस्रायल समाजाने उचलला आणि इब्री शास्त्रातील चरित्रे मराठी कीर्तनात गायिली. त्या श्रोत्यांना भट्टीतले तिघे ऐकताना प्रल्हाद आठवला नसेल असे मानणे कठीण आहे.

पण साम्याच्या मोहात एक भेद हरवू नये. प्रल्हादाला संशय नाही. देव खांबात आहे हे तो जाणतो, आणि खांब फुटतो. भट्टीपुढे उभे असलेले तिघे राजाला जे सांगतात त्यात मात्र एक ‘जरी’ आहे : आमचा देव आम्हांला वाचवू शकतो, पण जरी त्याने वाचविले नाही, तरी तुझ्या मूर्तीला आम्ही नमणार नाही. विद्वानांच्या मते दानीएलाचा ग्रंथ इसवी सनापूर्वी १६५ च्या सुमारास, अंतियखस चौथा याच्या छळाच्या काळात, आजच्या रूपास आला. त्या काळात पुष्कळांना कोणी वाचविले नव्हते. तो ‘जरी’ त्या अनुभवातून आला असावा. प्रल्हादाच्या कथेला या शब्दाची गरज पडली नाही, कारण तिचा रोख देवाच्या प्रकट होण्यावर आहे. दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती हा प्रश्न अभ्यासकाने विचारू नये. परंतु शास्त्रींनी कोणती पाठ केली होती हे विचारणे आवश्यक आहे.

त्यागराजांचे नाव घेतले म्हणजे दुसरा नकारही आठवतो. सरफोजींनी द्रव्य पाठवून दरबारात गावयास बोलाविले असता त्यागराजांनी ते परत केले, आणि धन सुखाचे की रामाची सेवा सुखाची असा प्रश्न करणारी कृती गायिली, अशी आख्यायिका आहे. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा परत करणाऱ्या तुकोबांची कथा आपल्याकडे तशीच आहे. तेव्हा एकाच राजाच्या काळात, एकाच नदीच्या काठी, दोन कवींचे दोन नकार. वरवर ते सारखे दिसतात. पण त्यागराजांनी नाकारली ती नरस्तुती. मनुष्याचे गुणगान करावयाचे नाही, हा भारतीय संतांचा जुना बाणा. देवाच्या स्तवनाला त्यांचा विरोध असण्याचे कारणच नव्हते. शास्त्रींनी नाकारले ते स्तवनच, आणि राजांची स्तुती करण्यास त्यांनी अनमान केल्याचे दिसत नाही. एकाला राजा नको होता, देव कोणताही चालला असता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण भांडण देवाशी नव्हते; दुसऱ्याला राजा चालत होता, देव मात्र एकच हवा होता. इब्री शास्त्राच्या पहिल्या आज्ञेचा अर्थ तंजावरच्या बहुदैवत परिसरात किती अवघड होता, हे या दोन नकारांच्या शेजारणीने दिसते. सरफोजींना पहिला नकार आपल्या परंपरेतून सहज कळला असेल. दुसरा कळावयास त्यांना श्वार्ट्‌झ यांच्या शाळेत बसलेले असावे लागले.

येथे लेख थांबविता आला असता, आणि शास्त्रींचे चरित्रकार बहुधा येथेच थांबतात. परंतु त्यांच्या आयुष्यात आणखी एक नकार आहे आणि तो टाळून पहिल्याचे मोल करता येणार नाही.

श्वार्ट्‌झ यांच्या काळी तंजावरच्या चर्चमध्ये वेळ्ळाळ ख्रिस्ती एका बाजूला आणि परैयर ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला बसत. जुन्या मिशनऱ्यांनी हे चालू दिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत आलेल्या नव्या मिशनऱ्यांना ते असह्य झाले. सर्वांनी एकत्र बसावे, प्रभुभोजनाचे पात्र एकच असावे, असा आग्रह त्यांनी धरला. वेळ्ळाळांच्या बाजूने सर्वांत समर्थ लेखणी वेदनायगम शास्त्रींचीच होती. जातिसुधारणेचा वेडेपणा, अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा तमिळ ग्रंथ १८२९ चा आहे. जात हा लौकिक आचार आहे, धर्माशी त्याचा संबंध नाही; नव्यांनी तो मोडावयास लावणे हाच जुलूम; असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. मिशनच्या चाकरीतून ते दूर झाले, आणि त्यांना आधार दिला तो सरफोजींनी, दरबारचे कवी म्हणून. ज्या राजाला देवासाठी नकार दिला त्याच्याच पदरी, देवाच्या सेवकांना नकार देऊन, कवी आला. पुढे १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद तत्काळ व कायमचा सोडावा असे आज्ञापत्र काढले, आणि तंजावरचे पुष्कळ वेळ्ळाळ ख्रिस्ती चर्चमधून बाहेर पडले.

शास्त्रींना केवळ जात्यभिमानी ठरविणे सोपे आहे, आणि न्याय्य नाही. त्यांच्या गाऱ्हाण्यांत आणखीही गोष्टी होत्या. तमिळ पदे आणि वाद्ये उपासनेतून काढली जात होती. सणासुदीच्या फुलांवरही आक्षेप होता. लहानपणापासून जिभेवर बसलेले शास्त्राचे भाषांतर बदलले जात होते. ज्याने सियोनकन्येला कुरवंजीत आणले त्याला, आता परदेशी चालीवरच गा, असे सांगणे हा अन्यायच होता, आणि त्या प्रतिकारामुळे तमिळ ख्रिस्ती कीर्तन टिकले. वसाहतवादी काळातील धर्मसत्ता ही केवळ धर्मसत्ता नव्हती, हे विसरता येत नाही. पण फुलांचा आणि पंगतीचा प्रश्न एकाच वाक्यात बसविला म्हणजे ते दोन्ही एक होत नाहीत. ज्यांना दुसऱ्या बाजूला बसविले जात होते त्यांची बाजू या वादाच्या कागदपत्रांत बहुतेक इतरांच्या तोंडूनच ऐकू येते. शिफ्रा आणि पुवा यांची नावे राखणाऱ्या शास्त्राचा इतका निष्णात वाचक, त्या शास्त्रातून याच ठिकाणी निसटला, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

इब्री शास्त्र या घोटाळ्यापासून अलिप्त नाही. यिर्मयाच्या ग्रंथात अठ्ठाविसावा अध्याय आहे. यरुशलेमवर बाबेलचे सावट असताना यिर्मया गळ्यात लाकडी जू घालून हिंडतो आणि सांगतो, नबुखद्नेस्सराचे जू पत्करा, देवाची इच्छा तीच आहे. म्हणजे येथे देवाज्ञा पाळणे याचा अर्थ परक्या, जुलमी राजापुढे वाकणे असा होतो. त्याच्यासमोर हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात, सर्वांच्या देखत, देवाच्याच नावाने सांगतो की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल. आणि यिर्मयाच्या मानेवरचे जू काढून मोडून टाकतो. ऐकणाऱ्याला हनन्याचेच बोलणे धर्माचे, देशप्रेमाचे आणि धैर्याचे वाटले असणार. यिर्मया तेव्हा वाद घालीत नाही. तसे होवो, असे म्हणतो, आणि आपल्या वाटेने निघून जातो. त्याच्याजवळ त्या क्षणी उत्तर नव्हते. ते पुढे येते, आणि नंतर यरुशलेम पडते.

दोघेही राजसत्तेच्या विरुद्ध किंवा बाजूने उभे होते म्हणून खरे वा खोटे ठरत नाहीत. सिद्कीया राजाला यिर्मयाचे बोलणे देशद्रोहाचे वाटले. राजाच्या सरदारांनी त्याला चिखलाच्या आडात सोडले, आणि त्याला वर ओढून काढले ते एका परदेशी कूशी सेवकाने, काखेत जुन्या चिंध्या घालावयास देऊन, म्हणजे दोर काचणार नाही. वेदनायगम शास्त्री दरबारात यिर्मया होते आणि चर्चमध्ये हनन्या, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्यांच्या फुलांच्या आणि गाण्याच्या गाऱ्हाण्याकडे पाहिले की ती विभागणीही टिकत नाही. दोन्ही नकार एकाच मनाने, एकाच ग्रंथाच्या आधारे, आणि माझ्या मते सारख्याच प्रामाणिकपणाने दिले गेले. चरित्रकार त्यांपैकी एकच सांगतात; मिशनच्या इतिहासकारांना दुसराच अधिक आठवतो.

सरफोजी राजे मार्च १८३२ मध्ये वारले. शास्त्री त्यानंतर बत्तीस वर्षे जगले. त्यांच्या हयातीतच, १८५५ मध्ये, तंजावरची गादी कंपनीने खालसा केली. बृहदीश्वराच्या मंदिरात राजांच्या नावाची कुरवंजी पुढे झालीच. ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ शिवक्कोळुंदु देशिकर या शैव कवीने रचली, आणि ती उत्सवात मंदिरात नाचली जात असे. शास्त्रींची पदे तमिळ चर्चमध्ये आजही म्हटली जातात, त्यांत सर्व जातींची माणसे असतात. शिवगंगेजवळच्या चर्चमधील फ्लॅक्समनच्या शिल्पात राजा आहे, गुरू आहेत. कवी त्यात नाही.